थेंब लागू पडतोय का? डोळ्याच्या दाबाबद्दल वाचकांचे प्रश्न

काचबिंदूच्या थेंबांबद्दल सोलापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेली काही पत्रं इथे थोडक्यात घेतली आहेत. उत्तरं नेत्रतज्ज्ञ आणि औषधनिर्माणशास्त्राचे जाणकार यांनी मिळून दिली आहेत. बऱ्याच पत्रांत मोतीबिंदू आणि काचबिंदू यांची सरमिसळ झालेली दिसली. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं आणि ऑपरेशननं नजर परत येते. काचबिंदूत, बहुधा डोळ्यातला दाब वाढल्यानं, डोळ्याची नस वाळत जाते आणि गेलेली नजर येत नाही. थेंब टाकायचा तो हा दाब उतरवून उरलेली नजर राखण्यासाठी. त्यामुळे ‘थेंब टाकूनही दिसायला फरक नाही, मग बंद करू का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

आईचा दाब सकाळच्या शिबिरात २६ निघाला. रात्रीचा लॅटानोप्रॉस्ट सुरू केला. तीन आठवड्यांनी दुसऱ्या दवाखान्यात संध्याकाळी १९ आला. औषध लागू पडलं असं समजायचं ना?
*– जुळे सोलापूर*

पडलं असेलही, पण या दोन आकड्यांवरून तसं ठरवता येत नाही. वेळ बदलली, यंत्र बदललं, मोजणारा माणूसही बदलला. एवढं सगळं बदलल्यावर सात अंकांची घट नेमकी कुणामुळे झाली हे सांगणार कसं?

आधी वेळ पाहू. डोळ्यातला दाब दिवसभर सारखा नसतो. निरोगी डोळ्यातही तो ३ ते ६ अंकांनी वरखाली होतो. काचबिंदूच्या डोळ्यात हा फरक १० च्या पुढेही जातो. पुष्कळांचा दाब पहाटे-सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असतो. म्हणजे एकही थेंब न टाकता सकाळचे २६ संध्याकाळी २१ दिसू शकतात. (हे अंक पाऱ्याच्या मिलिमीटरचे. साधारण १० ते २१ ही नेहमीची पातळी.)

मग यंत्र. शिबिरात बहुधा हवेचा फुत्कार सोडणारं यंत्र असतं. ते क्षणार्धात मोजतं आणि नाडीच्या ठोक्यागणिक आकडा हलतो, म्हणून एका डोळ्याची निदान तीन वेळा नोंद घेऊन सरासरी काढावी लागते. रांग मोठी असली की एकाच फुत्कारावर भागवलं जातं. दवाखान्यातलं गोल्डमन यंत्र वेगळं. त्यात डोळा बधिर करतात, पिवळा रंग लावतात आणि निळ्या उजेडात ३.०६ मिलिमीटर व्यासाचा प्रिझम बुबुळाला टेकवतात. तपासणाऱ्याला दोन हिरव्या अर्धकमानी दिसतात. त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना जेमतेम टेकेपर्यंत तो चकती फिरवतो. चकतीवर १.९ आलं तर दाब १९. रंग जास्त झाला तर कमानी जाड होतात आणि आकडा उगाच वाढतो. रुग्णानं श्वास रोखला, पापण्या आवळल्या किंवा गळ्याशी कॉलर घट्ट असली तरीही तो वाढतो. आईंना सांगा, यंत्राला हनुवटी लावल्यावर श्वास चालू ठेवायचा.

बुबुळाची जाडीही एकदा मोजून घ्या. सरासरी ती ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. बुबुळ पातळ असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतं, जाड असेल तर जास्त. त्यासाठी ठरावीक बेरीज-वजाबाकी करणारी कोष्टकं फिरत असतात, पण त्यांवर फारसा भरवसा ठेवू नये. जाडी माहीत असली की आकड्याकडे कसं पाहायचं हे डॉक्टरांना कळतं, एवढा तिचा उपयोग.

आणखी एक गंमत आहे. आईंना औषध सुरू झालं कारण त्या दिवशी आकडा मोठा निघाला. मोठा निघालेला आकडा पुढच्या खेपेला आपोआपच थोडा खाली येतो. सुगीच्या एका विक्रमी वर्षानंतर पुढचं वर्ष बहुधा साधारणच जातं, तसंच. त्यामुळे थेंब सुरू करण्याआधी दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलेला दाब हाच खरा पाया. नस फारच खराब झाली असेल तर मात्र डॉक्टर तेवढं थांबत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

आता करायचं एवढंच: थेंब सुरू होऊन चार ते सहा आठवडे झाले की त्याच दवाखान्यात, त्याच यंत्रावर, पहिल्या वेळेलाच मोजून घ्या. लॅटानोप्रॉस्टचा परिणाम तीन-चार तासांनी सुरू होतो आणि ८ ते १२ तासांनी सर्वांत जास्त असतो. रात्री ९ ला टाकला तर सकाळी ८ चा आकडा त्याचा चांगला चेहरा दाखवतो. मूळ दाबापेक्षा पाव ते एक तृतीयांश घट झाली तर थेंब नीट काम करतोय. दहाव्या हिश्शाच्या आत राहिली तर औषध बदलायचा विचार होतो, पण त्याआधी थेंब डोळ्यात जातोय का हे पाहतात. तपासणीच्या दिवशी थेंब चुकवू नका. शेवटचा थेंब किती वाजता टाकला ते कागदावर लिहून न्या.

डॉक्टरांनी थेंब फक्त उजव्या डोळ्यात टाकायला सांगितलाय, दाब मात्र दोन्हीकडे जास्त आहे. आमच्यावर प्रयोग चाललाय का?
*– पंढरपूर*

एका अर्थी हो, आणि तुमच्याच फायद्याचा. न टाकलेला डावा डोळा इथे तराजूचं दुसरं पारडं आहे.

समजा उजवा २८ वरून २० वर आला आणि औषध नसलेला डावाही २५ वरून २२ वर आला. डाव्याची ३ ची घट वेळ, ऋतू आणि योगायोग यांची. तेवढीच उजव्यातही आपोआप झाली असणार. म्हणजे ८ पैकी औषधाच्या वाट्याला आले ५. नुसत्या उजव्याकडे पाहिलं असतं तर औषधाला तीन अंक फुकटचे मिळाले असते.

ही पद्धत जुनी आहे आणि तिच्यात खोटही आहे. दोन्ही डोळ्यांचा दाब दिवसभर हातात हात घालून चढतो-उतरतो असं तिनं गृहीत धरलंय. काचबिंदूत तसं नेहमी होत नाही. शिवाय टिमोलॉल हा दाबाचा दुसरा थेंब रक्तात जाऊन दुसऱ्या डोळ्याचा दाबही थोडा उतरवतो, म्हणजे पारडंच हलतं. म्हणून अनेक डॉक्टर आता दोन्ही डोळ्यांत एकदम सुरू करतात आणि आधी-नंतर दोन-दोन वेळा मोजतात. एका डोळ्याची चाचणी असेल तर ती चार-सहा आठवड्यांत संपायला हवी. पुढची तारीख विचारून घ्या.

एका रुग्णालयात नव्या थेंबाच्या चाचणीत सहभागी व्हाल का, असं विचारलं. त्यासाठी सध्याचा थेंब महिनाभर बंद करावा लागेल म्हणतात. यात धोका नाही का? नकली औषध दिलं तर?
*– अशोक चौक*

थेंब बंद करायला का सांगतात ते आधी पाहू. जुन्या औषधाचा अंमल शिल्लक असताना नवं तपासलं तर श्रेय कुणाचं हेच कळत नाही. अंमल उतरायला प्रत्येक औषधाला वेगळा वेळ लागतो. लॅटानोप्रॉस्ट, ट्रॅव्होप्रॉस्ट, बिमॅटोप्रॉस्ट या गटाला चार ते सहा आठवडे, टिमोलॉलला साधारण चार, ब्रिमोनिडिनला दोन किंवा अधिक, डॉर्झोलामाइडला आठवडाभर आणि पायलोकार्पिनला थोडे दिवस. या काळात दाब वर जाणार हे धरलेलंच असतं. म्हणून नजरेचा पट्टा (समोर पाहताना आजूबाजूचं जेवढं दिसतं तो भाग) आधीच बराच गेलेला आहे, एकच डोळा चांगला आहे किंवा दाब फार चढतो, अशांना चाचणीत घेतच नाहीत. तुमचा फील्डचा (नजरेच्या पट्ट्याच्या तपासणीचा) रिपोर्ट आणि ओसीटी (नसेचा स्कॅन) पाहिल्याशिवाय कुणी ‘या’ म्हणत असेल तर जाऊ नका. मधल्या काळात दाब मोजायला बोलावणार का, आणि किती आकड्यावर तुम्हाला चाचणीतून काढून परत औषध सुरू करणार, हेही विचारा. नीट आखलेल्या चाचणीत हा आकडा आधीच लिहून ठेवलेला असतो.

‘नकली’ औषधाची भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. दाब उतरवणाऱ्या नव्या थेंबाची तुलना सहसा चालू औषधाशी करतात, आणि वर्षानुवर्षं ते औषध म्हणजे टिमोलॉल ०.५ टक्के. कुणाला कोणती बाटली हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं आणि ते रुग्णाला आणि डॉक्टरांनाही माहीत नसतं. गोल्डमनच्या चकतीवर मोजतानाही दोघं लागतात: एक कमानी पाहून चकती फिरवतो, दुसरा आकडा वाचून लिहितो. फिरवणाऱ्याला आकडा दिसत नाही, म्हणजे मनातला कल हातात उतरत नाही. मोजायच्या वेळाही ठरलेल्या, बहुधा सकाळी ८, १० आणि दुपारी ४. आठची नोंद त्या दिवशीचा थेंब टाकण्याआधी घेतात, कारण आदल्या थेंबाचा जोर किती टिकला हे तिथे उघड होतं. दुपारी दोनला मोजून ‘छान उतरलाय’ म्हणणं सोपं असतं.

तीन महिन्यांच्या शेवटी निकाल कसा लावतात? नवं औषध जुन्यापेक्षा वाईट नाही हे दाखवायचं असेल तर अमेरिकेतला रूढ निकष असा: प्रत्येक वेळेच्या नोंदीत दोन औषधांतला जास्तीत जास्त संभवणारा फरक १.५ अंकांच्या आत आणि बहुतेक वेळांना १ अंकाच्या आत राहायला हवी. म्हणजे सगळा खेळ दीड मिलिमीटरचा. मोजणाऱ्याचा हात एका अंकानं चुकला तरी निकाल डळमळतो, म्हणून एवढी शिस्त.

दाब उतरला म्हणजे नजर वाचलीच का, हा प्रश्न मात्र तीन महिन्यांत सुटत नाही. त्याचं उत्तर मोठ्या अभ्यासांतून मिळालं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात दाब जास्त पण नस शाबूत असलेले १,६३६ जण होते. पाच वर्षांत काचबिंदू झाला तो थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना आणि घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. ब्रिटनमधल्या ५१६ रुग्णांच्या अभ्यासात (२०१५) एका गटाला खरोखरच औषध नसलेला थेंब दिला होता, कडक देखरेखीखाली. दोन वर्षांत नजरेचा पट्टा घटला तो त्या गटात २५.६ टक्के जणांचा आणि लॅटानोप्रॉस्टच्या गटात १५.२ टक्के जणांचा.

आता कागदपत्रं. भारतात २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या चाचणीला सरकारी परवानगी आणि नीतिसमितीची मंजुरी लागते. चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत असावी लागते. हा नोंदणी क्रमांक सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होतो, पुढे साल आणि महिना असतो. तो मागा आणि इंटरनेटवर स्वतः पाहा. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं. आपल्या पूर्वभागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, त्यांनी तेलुगू प्रत मागण्यात संकोच करू नये. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. सही केलेली प्रत घरी न्यायची. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई हा तुमचा हक्क आहे. मधूनच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार तोडता येत नाहीत. ‘सही करा, नंतर समजावतो’ असं म्हणाले तर उठून घरी या.

माणसांआधी प्राण्यांवर तपासतात ना? मग खात्री झालेलीच असते.
*– बार्शी*

पूर्ण नाही. डोळ्याच्या औषधांना सर्वांत जास्त वापरला जाणारा प्राणी म्हणजे ससा: डोळा मोठा, स्वभाव शांत आणि पापण्या कमी मिटतो. थेंबानं आग होते का, बुबुळ सोलवटतं का, हे त्याच्यावर चांगलं कळतं. पण लॅटानोप्रॉस्ट सशाचा दाब जवळपास उतरवतच नाही, आणि माणसात ते सर्वांत प्रभावी औषधांपैकी एक ठरलं. फक्त सशांवर विसंबले असते तर ते कपाटातच राहिलं असतं. म्हणून कुत्रे, माकडं आणि नंतर निरोगी माणसं, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. बाटली जंतुरहित आहे का, महिनोन्‌महिने ठेवल्यावर औषधाची टक्केवारी टिकते का, या कारखान्यातल्या चाचण्या वेगळ्याच.

घरावर पत्रे आहेत. उन्हाळ्यात बाटली कपाटात ठेवली तरी हाताला गरम लागते. फ्रीज नाही. औषध खराब होतं का?
*– विडी घरकुल*

लॅटानोप्रॉस्ट असेल तर होतं, आणि दिसायला काहीच फरक पडत नाही, पाणी तसंच नितळ राहतं. उष्णतेनं आणि उजेडानं त्याचा जोर कमी होत जातो. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची असते. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत चार ते सहा आठवडे चालते, नेमके किती ते लेबलवर पाहा. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा पत्र्याच्या घरात २५ कुठून आणणार? मूळ कंपनीच्या माहितीपत्रकात बाटली पोचवताना ४० अंशांपर्यंत जास्तीत जास्त ८ दिवस चालेल असं म्हटलं आहे. तेव्हा बसच्या प्रवासात एक दिवस गरम झाली म्हणून फेकू नका, पण पत्र्याखाली महिनाभर ठेवलेली बाटली भरवशाची नाही.

डॉक्टरांना सरळ सांगा: घरी फ्रीज नाही. बाहेरच्या तापमानाला टिकतील असे बनवलेले लॅटानोप्रॉस्टचे ब्रँडही मिळतात, आणि टिमोलॉल-डॉर्झोलामाइडसारख्या थेंबांना फ्रीज लागत नाही. तोवर बाटली झाकणाच्या कोरड्या डबीत घालून माठाखालच्या ओल्या वाळूत रोवा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ती जागा घरातली सर्वांत गार असते. डबीत पाणी शिरता कामा नये. फ्रीज असेल त्यांनी बाटली दारात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नाही. उघडल्याची तारीख पेनानं बाटलीवरच लिहा.

सासूबाई विड्या वळतात, स्वतःच थेंब टाकतात. महिन्याची बाटली पंधरा दिवसांत संपते आणि दाब काही उतरत नाही.
*– कुंभारी*

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: औषध गालावर जातंय. हिशोब पाहा. अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत रोज एक म्हणजे महिन्याला ६०. वीस थेंब चुकायला ठेवलेत. पंधरा दिवसांत संपते याचा अर्थ रोज पाच-सहा थेंब पडतात. डोळ्यात मुळात एकच मावतो, तोही पुरता मावत नाही.

टाकायची रीत अशी. सूप बाजूला ठेवून आधी साबणानं हात धुवायचे, नखांच्या कडांसकट. तंबाखूची धूळ डोळ्यात गेली तर आग होते, पाणी येतं आणि औषध वाहून जातं. मग खाटेवर उताणं पडायचं. एका हाताच्या बोटानं खालची पापणी ओढून खळगी करायची. बाटलीचा हात कपाळावर टेकवायचा म्हणजे तो थरथरत नाही. टोक पापणीला न लावता एकच थेंब. डोळा हलकेच मिटायचा, मिचकावायचा नाही, आणि नाकाशेजारच्या कोपऱ्यावर बोट दाबून दोन मिनिटं राहायचं. तिथून औषध नाकात उतरतं. घशात कडू चव आली तर बोटाची जागा चुकली. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटांनी, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो.

थेंब आत गेला की नाही हे त्यांना कळत नसेल तर बाटली थोडी गार करून टाका, गार स्पर्श डोळ्यात लागतो की गालावर ते लगेच समजतं. चार दिवस तुम्ही समोर बसून पाहा. दाब उतरत नाही म्हणून दुसरं, तिसरं औषध वाढवत नेण्याआधी डॉक्टरांनीही एकदा रुग्णाला समोर थेंब टाकून दाखवायला सांगावं. पाच मिनिटांचं काम, पण गर्दीत राहून जातं.

वडिलांना दमा आहे. टिमोलॉल चालेल का?
*– मोहोळ*

नाही. ०.५ टक्क्याच्या एका थेंबात पाव मिलिग्रॅमच्या आसपास औषध असतं. आकडा छोटा वाटतो, पण नाकातून ते थेट रक्तात जातं, गोळीसारखं आधी यकृतातून गाळलं जात नाही. दम्याचा झटका येऊ शकतो, नाडी मंदावते. जोडऔषधांच्या बाटल्यांतही टिमोलॉल असतं, खोक्यावरची दोन्ही नावं वाचा. दम्याचा पंप आणि थेंबाची बाटली, दोन्ही तपासणीला घेऊन जा.

जनऔषधी केंद्रातला स्वस्त थेंब तितकाच चांगला का?
*– सांगोला*

औषध तेच, टक्केवारी तीच. फरक पडू शकतो तो बाटलीच्या टोकाचा, म्हणजे थेंबाच्या आकाराचा, दाबायला किती जोर लागतो याचा आणि त्यातल्या परिरक्षकाचा (औषध खराब होऊ नये म्हणून घातलेल्या रसायनाचा). डोळा लाल होतोय का, बाटली महिनाभर पुरते का हे पाहा आणि बदलल्यावर चार-सहा आठवड्यांनी त्याच वेळेला दाब मोजा. आधीच्या आकड्यापेक्षा फरक दोन अंकांच्या आत राहिला तर बिनधास्त तोच घ्या. महागडी बाटली परवडत नाही म्हणून महिन्यातले दहा दिवस कोरडे काढण्यापेक्षा स्वस्त थेंब रोज टाकलेला केव्हाही बरा.

मी यंत्रमागावर काम करतो. सुताच्या बारीक तंतूंनी डोळे खाजतात. मेडिकलमधून एक थेंब घेतो, लगेच आराम पडतो. दोन वर्षं चालू आहे. आता दाब ३० निघाला.
*– अक्कलकोट रोड, एमआयडीसी*

बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी काही लिहिलंय का पाहा. हे स्टिरॉइड आहेत. खाज तासाभरात थांबवतात, पण डोळ्यातलं पाणी बाहेर जायची जाळी तुंबवतात. साधारण तीनांतल्या एका माणसाचा दाब त्यांनी मध्यम चढतो आणि शंभरात पाच-सहा जणांचा फारच. तो सहसा दोन ते सहा आठवड्यांत चढू लागतो आणि डोळा दुखत नाही, त्यामुळे पत्ता लागत नाही.

याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा, बाटली खिशात घालून. स्टिरॉइड थांबवल्यावर दाब अनेकदा काही आठवड्यांत उतरतो, पण दोन वर्षं झालीत, तेव्हा नस आणि फील्ड तपासायलाच हवं. खाजेसाठी स्टिरॉइड नसलेले थेंब मिळतात, ते डॉक्टर लिहून देतील. पाळीवर बंद बाजूंचा चष्मा लावा, आणि सुटी झाल्यावर डोळे चोळण्याआधी गार पाण्यानं धुवा.